तोंडात मावेल ते

त्या शनिवारी स्नेहल ऑफिसातून दुपारीच घरी आली, चपला काढल्या, पंखा लावला, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता तिच्या लक्षात आलं की शोकेसवरच्या छोट्या टाकीत मासे नाहीत. पाणी होतं, प्लास्टिकचं हिरवं झाड होतं, हवेचे बुडबुडे नेहमीसारखे वर येऊन फुटत होते. तिच्या लेकीचे, मनस्वीचे, दोन गौरामी मासे तेवढे नव्हते. मधाच्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे. मनस्वीनं त्यांची नावं चिंच आणि बोर अशी ठेवली होती. मासे उडी मारतात असं ऐकलं होतं म्हणून तिनं आधी जमिनीवर पाहिलं. मग, पाहायचं नाही असं ठरवूनसुद्धा, भिंतीकडेच्या मोठ्या टाकीकडे पाहिलं. एरवी दिवसाउजेडी त्यातला ईल, सापासारखा लांबुळका मासा, स्वतःला वाळूत पुरून घ्यायचा, सोंडेसारखं टोकदार नाक तेवढं वर. आज तो अर्धा बाहेर होता. काळपट, बुळबुळीत, अंगावर तांबड्या रेघा, तिच्या मनगटाएवढा जाड आणि मानेच्या खाली एका जागी फुगलेला. तोंड उघडत होतं, मिटत होतं. तोंडाच्या कोपऱ्यात केसासारखं बारीक, मधाच्या रंगाचं काहीतरी लोंबत होतं आणि प्रत्येक मिटण्याबरोबर थोडं थोडं आत जात होतं. स्नेहलच्या तोंडात पाण्याचा घोट तसाच होता. तो तिला गिळवेना. ती मोरीत जाऊन थुंकली, पुन्हा थुंकली, आणि नळ सोडून तोंडात पाणी न घेता नुसती उभी राहिली.

दिपेशशी लग्न होऊन आठ-नऊ महिने झाले असतील. दोघांचंही दुसरं. दिपेशची पहिली बायको आजारानं गेली होती, मूलबाळ नव्हतं; कोपरखैरणे गावठाणात वडिलांनी बांधलेली तीन मजली इमारत, खाली भाडेकरू, वर हा एकटा, आणि हॉलची एक अख्खी भिंत व्यापणारी ती टाकी. बघायला म्हणून स्नेहल आईबरोबर पहिल्यांदा आली तेव्हा दिपेशनं स्वतःबद्दल जेवढं सांगितलं त्याहून जास्त त्या टाकीबद्दल सांगितलं होतं. हा साप नाही, खरं तर ईलसुद्धा नाही म्हणतात, काटेरी पाठीचा मासा आहे, पण बाजारात नाव ईलच. त्याच्या अंगाला नीट खवले नसतात, म्हणून टाकीत टोकदार दगड चालत नाही, औषध जपून टाकावं लागतं, झाकणाला बोटभर फट राहिली तरी तो त्यातून निघून जातो आणि मग सोफ्याखाली वाळून सापडतो. सगळ्यात अवघड म्हणजे सोबती निवडणं. फार आगाऊ मासा ठेवला तर तो याची कातडी चावून काढतो. फार लहान ठेवला तर हा त्याला ठेवत नाही. वाशीच्या माशांच्या दुकानातला रमीज एक मोठा, रागीट, सुंदर मासा गळ्यात मारत होता, पण दिपेशनं घेतला नाही. त्यानं घेतले रुपयासारखे चपटे चंदेरी मासे आणि नारिंगी पट्ट्यांचे काही, सगळे शांत, सगळे तळहाताएवढे. "तोंडात मावेल ते खाणार, नाही मावणार त्याच्याबरोबर राहणार. एवढा एकच नियम," तो म्हणाला होता आणि हसला होता. स्नेहलच्या आईनं, गोजराबाईनं, टाकीकडे एकदा पाहिलं आणि घरी येताना रिक्षात म्हणाली, वाम काय पालायची वस्तू हाय का, कापून रश्शात टाकायची. पन मानूस चांगला दिसतो.

माणूस चांगलाच होता. तेच तर. स्नेहल रोज सकाळी महापेच्या बसमध्ये बसली की मनातल्या मनात त्याच्याविरुद्ध काहीतरी शोधायची आणि तिला सापडायचं नाही. आवाज चढवत नसे. पगार विचारत नसे. मनस्वीचा गणिताचा गृहपाठ तो घ्यायचा, तिची वेणी घालायला शिकला होता. पण पहिल्याच आठवड्यात फ्रिजच्या भाजीच्या खणात, मेथीच्या जुडीशेजारी, तिला आइस्क्रीमचा एक जुना डबा दिसला आणि आत काय म्हणून तिनं झाकण उघडलं. ओली काळी माती, आणि त्या मातीला हालचाल. गांडुळं. फ्रिजात राहिली की गार पडतात, जास्त दिवस टिकतात, असं त्यानं समजावून सांगितलं, अगदी ओशाळून. डबा त्या संध्याकाळीच गच्चीवर हलवला. मेथी तिनं टाकून दिली. त्यानंतर कित्येक दिवस ती कुठल्याही भाजीला हात लावायच्या आधी तिचा वास घ्यायची. दिवेलागणीला तो हॉलचा दिवा मालवायचा, बाही वर सारून हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, आणि वाळूतून तो ईल हळूहळू उलगडत वर यायचा, त्याच्या बोटांना नाक लावून हुंगायचा, बोटांमधलं वळवळणारं गांडूळ ओढून घ्यायचा, मनगटाभोवती एक सैल वेढा घालून पुन्हा सुटायचा. दिपेशच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते तिला बघवत नसे. मग तो साबणानं दोनदा हात धुवायचा, नखं घासायचा, आणि जेवायला बसायचा. हाताला काही वास नसे. हे तिला माहीत होतं. एकदा तो झोपलेला असताना तिनं त्याच्या हाताजवळ नाक नेऊन खात्री केली होती. साबणाचाच वास होता. आणि तरी तो हात अंधारात तिच्या पाठीवर आला की तिच्या पाठीची कातडी त्या हाताच्या आधी सरकायची, जनावराची सरकते तशी, तिला न विचारता.

आकाशची तिला कधी किळस आली नव्हती. मनस्वीचा बाप. इस्त्रीचे शर्ट, मानेला अत्तर, दात पांढरे शुभ्र. आकाशची तिला भीती वाटायची. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि त्या भीतीतही त्याच्या अंगाचा वास तिला आवडायचा. हे आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. भीतीचं कारण लोकांना दाखवता येत होतं, दंडावर, कानामागे. म्हणून तर ती सुटू शकली. या किळसेला दाखवायला काय होतं? दिपेश जेवताना वरणभात बोटांनी कालवतो, चांगला मऊ होईपर्यंत कालवतो. झोपेत त्याचं तोंड उघडं राहतं आणि खालच्या ओठावर थुंकी चकाकते. कानाच्या पाळीवर एक जाड केस आहे. हे कोणाला सांगणार आणि काय म्हणून सांगणार? एकदा आईला अर्धवट बोलून पाहिलं तेव्हा गोजराबाई करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत होती. मान वर न करता म्हणाली, तुजा बाप मिठागरातून यायचा तवा पायाला चिखल आनि चिखलाची घान. मी काय मेली का? सवय होतं बाय सगल्याची.

तर त्या दुपारी ती मोरीत उभी असताना दिपेश गच्चीवरून खाली आला. हातात ओला ब्रश होता, पाण्याची टाकी धुवत होता. मनस्वी आतल्या खोलीत झोपली होती. स्नेहलनं छोट्या टाकीकडे बोट दाखवलं. त्यानं पाहिलं, मग मोठ्या टाकीकडे पाहिलं, तिच्यासारखंच पाहिलं, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे. ब्रशमधून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"मी सोडले," तो म्हणाला.

"कशाला?"

"वाटलं, राहतील."

स्नेहलला आठवत होतं, आणि आठवत होतं हे त्यालाही दिसत असावं, की हाच माणूस मनस्वीला रोज सांगायचा, अजून नाही, अजून लहान आहेत, पावसाळा जाऊ दे, तुझे मासे माझ्या अंगठ्याहून मोठे झाले की मी स्वतः मोठ्या टाकीत सोडीन. मनस्वी रोज काचेला अंगठा लावून मोजायची. शिरवण्याहून, आजीच्या घरून, येताना तिनं ते मासे मांडीवर धरून आणले होते, पिशवीतल्या पाण्यात, रिक्षा खड्ड्यात आपटली की स्वतः आपटल्यासारखी डोळे मिटून. स्नेहलनं त्याला विचारलं की पोरीला काय सांगणार. तो म्हणाला, खरं तेच, मी सोडले म्हणून. मग ती बोलली. फार वेळ बोलली, आवाज न चढवता, कारण आत पोर झोपली होती. तुम्हाला बघायचं होतं, तुम्हाला ते बघायला आवडतं, दुसऱ्याच्या लेकराची वस्तू तुमच्या त्या घाणेरड्या जनावराच्या तोंडात घातलीत. ओल्या ब्रशचं टोक त्यानं दुसऱ्या हातात धरलं होतं, ठिबकू नये म्हणून. आणि बोलता बोलता स्नेहलच्या ध्यानात आलं की तिला बरं वाटतंय. छातीवरची एक शिळा उचलल्यासारखं. आता कारण होतं. आता कोणालाही सांगता येईल असं, दोन वाक्यांत मावणारं कारण तिच्या हाताला लागलं होतं.

ते कारण तिनं पुढचे दिवस जपलं. वेगळी झोपू लागली, मनस्वीजवळ. तो डबा घ्यायला गच्चीवर निघाला की उठून आत जायची, उघडपणे; पूर्वी काहीतरी काम काढून जायची. ऑफिसात शेजारच्या टेबलवरच्या बाईला तिनं सगळं सांगितलं आणि ती बाई शी म्हणाली, तेव्हा ते शी तिला थंड पाण्यासारखं लागलं. मनस्वी मात्र रडली नव्हती. चिंच-बोर गेले हे कळल्यावर तिनं छोट्या टाकीतलं झाड काढून धुतलं, उन्हात ठेवलं, आणि दिपेशकाकांच्या शेजारी जाऊन बसली होती. तेही स्नेहलला खुपलं. पोर धक्क्यात आहे, असं तिनं मनाशी ठरवलं.

पुढच्या रविवारी ती मनस्वीला घेऊन शिरवण्याला गेली. मनस्वी मामाच्या पोरींबरोबर देवळाकडे पळाली आणि स्नेहलनं आईसमोर ते दोन वाक्यांतलं कारण ठेवलं. मला तिथं नाही राहायचं, आय. गोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं, सुपातला तांदूळ पाखडायची थांबली.

"दोन मासल्यांसाठी?"

"माशांचं नाही ते. मनस्वीचे होते."

"पोर रडते का?"

स्नेहलनं डोळे पुसले. आई म्हणाली, पोर रडत नाय, तू रडतेस. मंग मासं कोनाचं होतं? आणि पुन्हा पाखडायला लागली. कोंडा उडून स्नेहलच्या ओठांवर बसला. तो तिनं पुसला नाही, कारण पुसला असता तर आईला वाटलं असतं की हिला आता तांदळाचीही किळस येते.

परतताना रिक्षा तुर्भ्याच्या पुलाखाली अडकली. पुढं ट्रक, मागं ट्रक, धूर, उन्हानं तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटत होतं. मनस्वीला आजीनं मीठ लावलेली कैरीची फोड दिली होती, ती चोखत होती. चोखताना बारीक चुटचुट आवाज होत होता आणि हनुवटीवरून आंबट पाणी ओघळत होतं. स्नेहल म्हणाली की आपण थोडे दिवस आजीकडे राहायला जाऊ या का. मनस्वीनं विचारलं, का. काकांनी तुझे मासे मारले ना, म्हणून. मनस्वीनं कैरी तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा तोंडात घातली.

"काकांनी नाही सोडले. मी सोडले."

स्नेहलला वाटलं, पोरीला समजलं नसेल, एकटे होते म्हणून मोठ्यांच्यात सोडले असतील, लहान आहे. तिनं तसं विचारलंही, जवळजवळ शब्द तोंडात घालत. बिचाऱ्यांना सोबत मिळावी म्हणून ना गं?

"नाही. काका नेहमी सांगायचे ना, खाईल, खाईल. मला बघायचं होतं कसा खातो." मनस्वीनं कोय नसलेल्या त्या फोडीची साल दातांनी खरवडली. "बोरला पटकन घेतलं. चिंच कोपऱ्यात लपली होती. मग मी जाळीनं तिला पुढं केलं."

रिक्षा पुढं सरकली, पुन्हा थांबली. पोरीच्या वरच्या ओठावर घाम होता, बारीक लव होती, त्या लवेवर मिठाचे कण होते. तिचा उघडा गुडघा, पडून खपली धरलेला, स्नेहलच्या गुडघ्याला टेकला होता. आणि स्नेहलचा गुडघा बाजूला झाला. तिनं केला नाही. तो झाला, तिला न विचारता, तिच्या पाठीसारखा. स्वतःच्या पोटातून निघालेली पोर, जिची घाण तिनं दोन्ही हातांनी काढली, जिचा ओकारीनं भरलेला गळा पदरानं पुसला आणि कधी काही वाटलं नाही. तिनं लगेच गुडघा परत नेऊन लावला. दाबून लावला. मनस्वी म्हणाली, आई, गरम होतंय, सरक ना.

घरी आल्यावर मनस्वी खालच्या भाडेकरूंकडे टीव्ही बघायला गेली. दिपेश मोठ्या टाकीतलं पाणी बदलत होता. पाइपाचं एक टोक टाकीत, दुसरं बादलीत, पिवळट पाणी आणि त्यात खाली बसलेली घाण खळखळ वाहत होती. स्नेहल पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. म्हणाली, मनस्वीनं सांगितलं मला. त्यानं पाइपाला चिमटा लावून पाणी थांबवलं.

"सांगायला नको होतं तिनं."

"तुम्ही बघितलं होतं तिला?"

नाही, तो म्हणाला. पण जाळी ओली होती, आणि ती झोपलेली नव्हती, झोपेचं सोंग होतं. लहान पोरं बघतात असं काहीबाही. तोही लहानपणी खाडीच्या बांधावर खेकड्यांचे डांगे मोडत बसायचा. मोठं झालं की जातं ते.

"मग स्वतःवर का घेतलंत?"

त्यानं बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावलं, चुकीच्या काजात लावलं, पुन्हा काढलं.

"तू माझ्याकडे बघतेस ना," तो म्हणाला, "तशी तिच्याकडे बघशील, असं वाटलं."

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिला भांडता आलं असतं. तिनं टाकीचा आधार घेतला, तिथून हात काढला, मग पुन्हा तिथंच ठेवला कारण दुसरं काही जवळ नव्हतं. त्याला ठाऊक होतं. म्हणजे इतके महिने तो हात धुवत होता ते ठाऊक असून धुवत होता, दोनदा, नखं घासून. अंधारात हात पुढं करायचा तो ठाऊक असून करायचा, आणि पाठ सरकली की काही न म्हणता मागं घ्यायचा. तिला त्याची फार दया आली, आणि त्या दयेतूनसुद्धा, तळातून गाळ ढवळून वर यावा तशी, ती दुसरी गोष्ट वर आलीच.

"मला तुमची किळस येते," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. पण येते."

"हातांची?"

हो म्हणणं सोपं होतं. हात दाखवता आले असते, हातांवर काही उपाय निघाला असता. त्यानं मासे देऊन टाकले असते, उद्याच्या उद्या. ती तसं म्हणाली असती तर त्यानं केलं असतं, हे तिला दिसत होतं.

"नुसती हातांची नाही."

त्यानं मान हलवली. मग बादली उचलून मोरीत ओतून आला, सावकाश, एक थेंब न सांडता, आणि सोफ्याच्या कडेला बसला. मला वाटलं होतं, जाईल, तो म्हणाला. तिलाही वाटलं होतं. ते दोघं तसे समोरासमोर बसून बोलले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा इतकं सरळ. सोडायचं का, हे तिनंच विचारलं. त्यानं विचारलं, तुला जायचंय का. तिला जायचं नव्हतं. शिरवण्याला तांदूळ पाखडत बसलेली आई होती, आणि मनस्वीची शाळा इथं होती, आणि खरं म्हणजे या माणसाशी बोलायला तिला आवडत होतं, आत्ता, मध्ये एवढी फरशी असताना. शेवटी त्यानंच काढलं की खालची मागची खोली रिकामी आहे. तू आणि मनस्वी तिथं राहा. लोक विचारतील, ती म्हणाली. विचारू देत, तो म्हणाला. गावाला विचारायला काहीतरी लागतंच.

सामान न्यायला दोन दिवस गेले. त्यानं खोलीला चुना लावून दिला, नळ बदलला, स्वतः आत पाऊल न ठेवता उंबऱ्यापर्यंत गाद्या आणून दिल्या. पहिल्या संध्याकाळी दार लावून स्नेहल एकटीच बसली. मनस्वी वरच होती, चंदेरी माशांना खायला घालायला. खोलीत चुन्याचा वास, कोरी चादर, कोरी फरशी, कोणाचं काही नाही. ती वाट पाहत होती की आता मोकळं वाटेल. अंघोळ केली. केस विंचरले, आणि मोरीच्या जाळीवर स्वतःच्या केसांचा पुंजका दिसला, साबणाच्या फेसात लिबलिबणारा, आणि तिच्या पोटात तसंच वर आलं. तिनं कागदानं तो उचलला. कागदातून ओल बोटांना लागली. तिनं हात धुतले, दोनदा धुतले, नखं घासली. ती किळस वरच्या मजल्यावर राहिली नव्हती. गाद्यांबरोबर, भांड्यांबरोबर खाली आली होती, आणि इथं त्या किळसेला जाऊन बसायला दुसरा माणूस नव्हता.

वरून मनस्वीनं हाक मारली, आई, जेवायला ये. स्नेहल उठली नाही. मग दिपेशचा आवाज आला, तिला नको बोलावूस, आपण देऊ नेऊन. ते ऐकून ती उठली. दार ओढून घेतलं आणि जिना चढू लागली, आणि अर्ध्यावर, वळणाच्या पायरीवर, तिला पुढं जाववेना आणि खालीही जाववेना. ती तिथंच बसली. थोड्या वेळानं तो दोन ताटं घेऊन आला. तिला पाहून थांबला, एक ताट तिच्या वरच्या पायरीवर ठेवलं, स्वतः आणखी चार पायऱ्या वर जाऊन दुसरं ताट मांडीवर घेऊन बसला. बोंबलाचं कालवण आणि भात. मनस्वी दारात उभी राहून दोघांकडे बघत होती; मग तीही आपलं ताट घेऊन आली आणि मधल्या पायरीवर बसली.

"मीठ बरं आहे का?" त्यानं विचारलं.

"थोडं कमी आहे."

तो भात कालवत होता, बोटांनी, मऊ होईपर्यंत. ती ते पाहत होती. नजर काढून घ्यावीशी वाटत होती, ती तिनं काढली नाही. मनस्वीच्या ओठांवरून कालवण हनुवटीवर आलं होतं. स्नेहलच्या घशाशी आलं, नेहमीसारखं, थोडंही कमी न होता. तिनं घास तसाच तोंडात धरून ठेवला, मग गिळला, आणि दुसरा केला.